एका डब्यावर पाच नावं

आमच्या घरी दिवस उजाडायचा तो नाव टाकायच्या मशीनच्या आवाजानं. खाली अण्णांचं भांड्यांचं दुकान आणि वर आम्ही, लातूरच्या भर बाजारात. कुणाच्या तरी लेकीचं लग्न ठरलेलं असायचं आणि दुकान उघडण्याआधीच पायरीवर बायका येऊन बसलेल्या असायच्या. मग टर्रर्र, टर्रर्र सुरू व्हायचं. त्या आवाजानं जिना हलायचा, आईच्या फडताळातल्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणायच्या, आणि आमची मांजर रोज नव्यानं घाबरून माळ्यावर जायची. अण्णा आधी कागदावर नाव लिहायचे, गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवायचे, त्याच्याकडून परत म्हणवून घ्यायचे, आणि मगच स्टीलला मशीन लावायचे. नावाखाली तारीख, आणि तीही ज्या दिवशी नाव पडलं त्याच दिवसाची. "लग्न पुढल्या महिन्यात हाय, लग्नाची तारीख टाका" असं कुणी म्हटलं तर अण्णा मान हलवायचे. "मी आज टाकून राहिलो, तर आजचीच तारीख पडंल." टाकून झालं की परत एकदा वाचायचं. "कागदावर चुकलं तर खोडता येतंय," ते म्हणायचे. "भांड्यावर चुकलं की त्या बाईच्या डोळ्यासमोर जन्मभर राहतंय. वाचल्याबिगर काही हातातून सोडायचं न्हाई." हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं. पाळलं असतं असं मात्र नाही.

दुकानाच्या मागच्या खोलीत डब्यांचे संच असायचे. मोठ्यात मधला, मधल्यात धाकटा, असे सात. शेवटचा एवढासा, हिंगापुरता. मी आणि माझी मोठी बहीण रेणूताई, आमचं बालपण त्या सात डब्यांत गेलं म्हटलं तरी चालेल. आणि त्या खेळात तिसरी भिडू होती शिवकांताआत्या, अण्णांची मोठी बहीण. तिला दिलं होतं देगलूरला, पण उन्हाळ्याचे दोन महिने ती आमच्याकडे असायची. देगलूरच्या तीन भाषांचं मिश्रण तिच्या तोंडात आणि शेंगाच्या पोळ्यांचं गाठोडं तिच्या हातात. सातव्या डब्यात ती काहीतरी लपवायची, कधी चिंचोका, कधी गुळाचा खडा, आणि आम्ही एकेक झाकण उघडत आत आत जायचो. आत काय आहे त्यापेक्षा उघडत जाण्यातच मजा होती. सगळं गाव ज्यांना अण्णा म्हणे त्यांना ती एकटी "म्हादू" म्हणायची, आणि दुकानात गिऱ्हाइकं असली तर मुद्दाम मोठ्यानं म्हणायची.

मग उमाकाकाचं लग्न आलं आणि सगळं बिनसलं. उमाकाका म्हणजे अण्णांचा धाकटा भाऊ. आमच्याकडे लग्न निघालं की सासरी गेलेल्या लेकींना आणायला माहेरचं माणूस जातं. त्याला मुराळी म्हणतात, आणि त्या बोलावण्याला मूळ. तो नारळ घेऊन जातो, त्याला पाय धुवायला पाणी मिळतं, गोडाचं जेवण मिळतं, आणि मग लेक त्याच्याबरोबर माहेरी निघते. त्या लग्नात माणसं कमी पडली म्हणून अण्णांनी आत्याला नुसता फोन केला. "अक्का, तू काय परकी हायस का? बस धर आन ये." आत्या म्हणाली, "मुराळी आल्याबिगर मी येत न्हाई." अण्णा म्हणाले, "मग नको येऊस." बास. एवढ्या दोन वाक्यांवर सात-आठ वर्षं गेली. दोघंही एकाच मातीचे. अण्णांनी घरात तिचं नाव काढायचं नाही असं सांगून टाकलं, आणि उन्हाळ्याचे दोन महिने नुसते उकाड्याचे राहिले. मला फार वाईट वाटायचं. मोठ्यांच्या भांडणात लहानांना कुणी विचारत नाही, पण आत्या माझी होती, तिला माझ्यापासून तोडायचा यांना काय हक्क, असं मला तेव्हाही वाटायचं आणि केस पिकल्यावर आजही वाटतं.

पुढं मी नांदेडला कॉलेजात कम्प्युटर शिकायला गेले. होस्टेलचं पाणीदार वरण आणि आमच्या मॅडमचा पायथन या कम्प्युटरच्या भाषेचा तास, या दोन्हींनी मुली सारख्याच परेशान असायच्या. एके दिवशी मॅडमनी डिक्शनरी शिकवली. एक नाव द्यायचं आणि त्या नावाखाली काहीतरी ठेवायचं. नाव घेतलं की ठेवलेली वस्तू हातात. मग त्या म्हणाल्या की या डिक्शनरीत दुसरी डिक्शनरी ठेवता येते, तिच्यात तिसरी, हवं तितकं आत जा. सगळा वर्ग कण्हला आणि मी एकटी हसले. नाव टाकलेला डबा, त्यात नाव टाकलेले डबे, त्यांच्यातही डबे! हे तर आमच्या मागच्या खोलीत होतं. "नवं नाव आलं तर आधी बघायचं, डबा आहे का?" मॅडम सांगत होत्या. "नसेल तर रिकामा डबा मांडायचा आणि मग त्यात भरायचं. असेल तर डबा तोच ठेवायचा, आतली वस्तू तेवढी बदलायची." त्या सत्रात मी वर्गात पहिली आले. त्याचं श्रेय अभ्यासाला कमी आणि आमच्या दुकानाला जास्त होतं.

अशात रेणूताईचं लग्न ठरलं. मी सुट्टीत घरी आले तर अण्णा एका खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर मुराळ्यांची यादी करत बसलेले. लेकी चार: उदगीरची, निलंग्याची, अहमदपूरची आणि हदगावची. मुराळी चार: उमाकाका, चुलतभाऊ बसू आणि दोघं मावसभाऊ. दिसायला सोपं. पण रोज काहीतरी बदलायचं. बसूची मोटारसायकल बिघडली की हदगाव त्याच्याकडून काढून दुसऱ्याला द्यायचं, निलंग्याची म्हणाली मला एक दिवस आधी न्या, अहमदपूरच्या घरचा पत्ताच बदललेला. पुठ्ठ्यावर इतकी खाडाखोड झाली की अण्णांना स्वतःचं अक्षर लागेना. मी म्हटलं, "अण्णा, मी कम्प्युटरवर करून देते. रोज बदला, मी रोज बदलून दाखवते."

अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. "मूळ फोनवर जात न्हाई, ते मी एकदा करून बसलोय. कम्प्युटरवर जातंय का?"

"शेवटी कागदावरच छापून देणार की. ज्याची त्याची चिठ्ठी."

"मग कर," अण्णा म्हणाले. मला मात्र त्यांच्या आधीच्या वाक्यात पहिल्यांदाच काहीतरी वेगळं ऐकू आलं होतं.

मग पंधरा दिवस मी लॅपटॉप मांडीवर घेऊन लग्नघराच्या मधोमध बसले होते. बाहेर मुराळ्याचं नाव, आत गाव, लेक, पत्ता, कशानं जायचं, असे डबे. आई कुरडयांचा चीक घाटत ओरडायची, "गिरू, बसूचं आता हदगाव न्हाई, निलंगा!" आणि मी बसूच्या डब्यातलं तेवढं बदलायची, बाकीच्या डब्यांना धक्का न लावता. पाहुण्या बायका मागं उभ्या राहून बघायच्या. एकीनं विचारलं, "यात माझ्या पोराला नोकरी कवा लागतीय ते दिसतंय का गं?" मला सगळ्यांचं कौतुक मिळत होतं आणि मी ते दोन्ही हातांनी घेत होते. हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या कौतुकातूनच झालं.

लग्नाला पाच दिवस उरले तेव्हा रेणूताई माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या हातात बांगड्यांचा डबा होता, पण लक्ष त्यात नव्हतं. ती हळूच म्हणाली, "गिरू, बारशाला माझ्या कानात नाव आत्यानं सांगितलं. आन लग्नाला आत्या नसंल का गं?" तिचे डोळे भरले. माझेही भरले. लगोलग मी ठरवलं की देगलूरला मुराळी जाणार. अण्णा पाठवणार नाहीत, तर मी जाणार. मुलगी मुराळी होऊन गेल्याचं आमच्याकडे कुणी ऐकलं नव्हतं, पण न ऐकलेली गोष्ट करायचं माझं ते वय होतं.

दुसऱ्या दिवशी मी यादीत पाचवं नाव घातलं: गिरिजा. गाव देगलूर, लेक शिवकांताआत्या. आणि इथं माझी अक्कल पाजळली. इतके दिवस मी एकेक डबा वेगळा मांडत आले होते, म्हणजे चार-पाच ओळींचं काम. त्या दिवशी वाटलं, शेवटची यादी आहे, जरा झकास करावी. पाचही नावांना रिकामा डबा देणारी एकच ओळ मला कुठंतरी सापडली होती. ती लिहिली, आणि मग एकेकाचं भरत गेले. शेवटी माझं. छापायला शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे पाठवलं आणि चिठ्ठ्या हातात आल्या तशी आधी माझी शोधली. गिरिजा, देगलूर, शिवकांताआत्या. बरोबर! ती घडी करून पर्समध्ये घातली, उरलेल्या चार न बघता अण्णांच्या गल्ल्यावर ठेवल्या आणि ब्लाउज आणायला शिंप्याकडे पळाले. स्वतःच्या मतलबाची एक चिठ्ठी तपासली आणि चार सोडल्या, हे मी पुढं आयुष्यभर माझ्या विद्यार्थ्यांना कबूल करत आले. परत आले तेव्हा दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि आत मशीन चालू होती. लग्नसराई होती, कुणाचं तरी काम असेल म्हणून मी जिना चढून वर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी एकेकाला बोलावून चिठ्ठी आणि नारळ दिला आणि वाटेला लावलं. सगळे गेल्यावर मी आईला सांगितलं की कॉलेजात एक सही राहिलीय, रात्रीपर्यंत येते, आणि पिशवीत नारळ लपवून आठच्या गाडीनं निघाले. गाडी प्रत्येक फाट्यावर थांबत होती. उदगीर गेलं, पाट्यांवरच्या अक्षरांत कुठंकुठं कानडी-तेलुगू दिसायला लागलं, आणि मी पिशवीतला नारळ काढून मांडीवर घेतला. आत्यानं दार लावून घेतलं तर? "म्हादूनं न्हाई धाडलं, तू पोर हायस, घरी जा" म्हणाली तर? बोलायची वाक्यं मी मनात दहादा जुळवली.

आत्याच्या दारात पोचले तर ओसरीवर चार नारळ ओळीनं मांडलेले. आत बाजेवर उमाकाका, खाली सतरंजीवर बसू आणि दोन्ही मावसभाऊ, चौघांच्या पुढ्यात सुशीला नावाच्या आमच्याकडच्या नाश्त्याच्या ताटल्या. मुरमुऱ्यांवर शेंगदाण्याचं कूट आणि कोथिंबीर इतकी की खालचे मुरमुरे दिसत नव्हते. चौघांनी माझ्याकडे बघितलं आणि चौघांचेही घास तोंडातच राहिले.

"तू बी?" उमाकाका म्हणाला.

आत्या आतून आली. केस पांढरे झाले होते, बाकी तीच. माझ्या हातातला नारळ तिनं बघितला, ओसरीवरचे चार बघितले. "अय्यो, पाचवा!" म्हणाली आणि दाराच्या चौकटीला टेकून जी हसायला लागली ती हसता हसता रडायलाच लागली. मला तिनं असं कवटाळलं की नारळ आमच्या दोघींच्या मध्ये अडकला. "आठ वर्सं म्या वाट बघितली गं एका मुराळ्याची. आन म्हादूनं पाच धाडले! पाच!"

पाय धुवायचं निमित्त करून मी परसात गेले, तसा उमाकाका मागोमाग आला आणि उरलेले तिघंही आले. सगळ्यांनी चिठ्ठ्या काढल्या. वरची नावं वेगवेगळी, आणि खाली पाचही चिठ्ठ्यांत देगलूर, शिवकांताआत्या. बसू म्हणाला, "मला वाटलं अण्णानं माझ्यावरच विश्वास टाकला. गावाचं नाव कुणाजवळ काढू नको म्हणले होते." तीच ताकीद मिळालेले दोन्ही मावसभाऊ तर एकाच गाडीत भेटले होते. एकानं सांगितलं मी उदगीरला चाललो, दुसरा म्हणाला मी पण तिकडंच. उदगीर आलं, गेलं, दोघंही उतरेनात, आणि दोघंही खिडकीबाहेर बघत देगलूरपर्यंत आले. उमाकाका आपल्या चिठ्ठीची परत घडी घालत होता. त्याच्याच लग्नावरून हे सगळं झालं होतं, आणि ती चिठ्ठी हातात आल्यावर तो गाडीत बसून रडला होता, हे त्यानं मला फार पुढं सांगितलं.

परसातल्या हौदाच्या कठड्याशी उभ्याउभ्या मला माझी चूक कळली. त्या एका ओळीनं पाच डबे दिलेच नव्हते. एकच डबा मांडला होता आणि त्याच्यावर पाच नावं टाकली होती. उमाकाकाच्या नावानं उदगीर भरलं, ते त्यातच. बसूचं निलंगा त्यातच, उदगीर बाहेर. असं करत शेवटी माझं देगलूर पडलं, आणि कुणाचंही नाव घेतलं तरी तेच हातात येणार होतं. भांड्यांच्या दुकानात वाढलेल्या पोरीनं एका डब्यावर पाच नावं टाकली होती. आमच्या दुकानात झाडू मारणाऱ्या बाईनंसुद्धा असं केलं नसतं. आणि तिकडे चार गावांत चार लेकी पिशव्या भरून, केसांत फुलं माळून दारात बसल्या असतील!

आत आले तर आत्या पुरण वाटायला घेत होती. "मुराळी गोड खाल्ल्याबिगर उठत न्हाईत," ती म्हणाली आणि तिच्या सुनेला दहा कामं सांगितली. तिचा चेहरा इतका उजळला होता की तिला खरं सांगायला माझी जीभ उचलेना. तरी सांगायला हवं होतं. खोट्यावर न्यायची नव्हती मला तिला. "आत्या," मी म्हटलं, आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. अण्णा.

मी कोपऱ्यात गेले. तिकडून अण्णांचा आवाज, "गिरू, कुठं हायस?"

"देगलूरला," मी म्हटलं आणि एका दमात सगळं ओकले. "अण्णा, माझी चूक झाली. सगळ्यांच्या चिठ्ठीत देगलूर पडलंय. पाची जण इथंच आलोत. उदगीरची, निलंग्याची, कुणाकडंच कुणी गेलं न्हाई. आन आत्याला वाटून राहिलं की तुम्हीच..."

पलीकडे नुसता लग्नघराचा गलका. मी कानाला फोन लावून जोरात ओरडा बसायची वाट बघत होते.

"अक्का कुठंय?" ते म्हणाले.

"इथंच. पुरण वाटून राहिलीय."

"दे तिला फोन."

मी आत्याकडे फोन नेला ती चार पावलं मला आजही आठवतात. आता अण्णा काय म्हणतील? पोरीची चूक झाली, माणसं परत धाड, एवढंच त्यांनी म्हटलं असतं तरी ते खरंच होतं. पुरणानं भरलेला हात पदराला पुसत आत्यानं फोन घेतला. उमाकाका उठून उभा राहिला. आत्याचा आवाज निघाला तो नेहमीसारखा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "म्हादू! पाच मुराळी धाडलेस रे? एक धाडला असतास तरी आले असते की मी!"

फोन जुना होता, पलीकडचं सगळं बाहेर ऐकू यायचं. अण्णा म्हणाले, "एक धाडला असता, तर तू त्याला पोटभर खाऊ घालून वाटंला लावलं असतंस. मला ठाव न्हाई का तू?"

आत्या हसली, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "हाव, लावलं असतं," ती म्हणाली. मग ती पदरानं डोळे टिपत राहिली. फोन मात्र तिनं ठेवला नाही. शेवटी अण्णा खाकरले. "हळद उद्या सकाळी हाय. रेणीला तुझ्या हातची लागती. ये लवकर." माझ्या पाठीत उमाकाकानं असा गुद्दा घातला की मी भिंतीला धडकले. तो आनंदाचा होता.

मग मी आत्याला चिठ्ठ्यांचं सगळं सांगून टाकलं. अण्णांनी ते स्वतःवर घेतलं होतं, तरी मला गप्प बसवेना. तिनं ऐकून घेतलं, माझ्या डोक्यावर पुरणाचाच हात ठेवला आणि म्हणाली, "बरं झालं. आता त्या चार पोरींचं सांग, कुठं कुठं हायत? मला न्यायला पाच, आन त्या दारात बसून?" आणि पुढच्या घटकाभरात तिनं जे केलं ते माझ्या पंधरा दिवसांच्या डिक्शनरीला जमलं नव्हतं. एका मावसभावाला नांदेडच्या गाडीत बसवून हदगावला धाडलं, दुसऱ्याला अहमदपूरला. बसूच्या मोटारसायकलवर लोणच्याच्या बरण्या बांधल्या. आणि स्वतः उमाकाकाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसली. उदगीरच्या घरी आम्ही पोचलो तेव्हा तिथली लेक रुसून आत जाऊन निजली होती. आत्या दारात उभी राहून म्हणाली, "ऊठ गं, मुराळी आलाय!" आणि ओसरीवर नारळ ठेवला, त्या पाचांतलाच एक. आठ वर्षं मुराळ्यासाठी अडून बसलेली बाई त्या दिवशी स्वतः मुराळी झाली. निलंग्याहून निघाल्यावर लेकी, त्यांची पोरं आणि बोचकी मिळून गाडीत इतकी दाटी झाली की मी दोघींच्या मांडीवर आडवी होते, आणि सगळ्या मिळून मलाच नावं ठेवत होत्या.

लातूरला पोचलो तेव्हा अण्णा दुकानाच्या पायरीवर उभे होते. आत्या उतरली, पाया पडायला वाकलेल्या अण्णांच्या पाठीवर तिनं एक सणसणीत थाप दिली, आणि दोघं आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी रेणूताईला पहिली हळद आत्यानं लावली, आणि कानात काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते रेणूताईनं मला आजपर्यंत सांगितलेलं नाही. पाठवणीच्या वेळी प्रत्येक लेकीला अण्णांनी नाव टाकलेला डबा दिला. पाच डबे होते. आत्याचाही होता, आणि मला वाटलं, हळदीच्या रात्री बसून टाकला असणार.

चिठ्ठ्यांचा विषय निघाला की अण्णा सांगायचे, "चष्मा सापडला न्हाई त्या दिवशी, वाचल्या न्हाईत म्या. आमच्या गिरूच्या कम्प्युटरनं घोळ घातला." आणि सगळे खो खो हसायचे. आमच्या खानदानात माझं नाव "पाच मुराळी" पडलं ते पडलंच. माझ्या लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा बसू मागून ओरडला, "एकाचंच घे, पाच जणांचं नको घेऊ!" माझ्या मुलांनी पायथन शिकायला घेतलं तेव्हा त्यांना ती ओळ माझ्या नावानंच ओळखीची होती. मी कधी तक्रार केली नाही. चूक माझीच होती.

अण्णा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. परवा देगलूरला गेले होते. आत्या थकलीय, बसूनच असते, पण जीभ आहे तशीच आहे. तिच्या सुनेनं माझ्यापुढं लाडवांचा डबा ठेवला. मी झाकण काढलं आणि सवयीनं उलटं करून नाव बघितलं. भांडेवाल्याची पोर, दुसरं काय बघणार? अण्णांचं ठिपक्याठिपक्यांचं अक्षर. सौ. शिवकांता हिस, महादेवकडून. खाली तारीख, त्यांच्या रिवाजानं नाव पडलं त्याच दिवसाची. रेणूताईच्या लग्नाची तारीख मी विसरणं शक्य नाही, दरवर्षी फोन करते. आम्ही मुराळी निघालो ते लग्नाच्या तीन दिवस आधी. आणि डब्यावरची तारीख होती चार दिवस आधीची. मी चिठ्ठ्या गल्ल्यावर ठेवून शिंप्याकडे पळाले, आणि परत आले तेव्हा अर्ध्या शटरमागं मशीन चालू होती, तो दिवस.

मी झाकण हातात घेऊन तशीच बसून राहिले. आत्यानं डोळे बारीक करून विचारलं, "काय वाचून राहिलीस एवढं? मोठ्यानं वाच की. तुझा बाप वाचल्याबिगर काही हातातून सोडायचा न्हाई."

मी नाव वाचलं. मग तारीख वाचली, आणि अण्णा वाचायचे तशी ती परत एकदा वाचली.

"हाव," आत्या म्हणाली. "मला पहिल्या दिवसापासून ठाव हाय. खा आता लाडू."